नऊ एकोणचाळीसची फाइल

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मशिनं बंद, कॅन्टीन बंद, गेटवर फक्त वॉचमन. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा मात्र तोच खरा कामाचा दिवस. १० ऑक्टोबर २०२३ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ चा सपोर्ट थांबवला. त्यानंतर कितीतरी गुरुवार जुन्या सर्व्हरवर नवी सिस्टीम चढवण्यात गेले. आम्ही पुनावळ्यात राहणारे अर्धेअधिक लोक या ना त्या प्रकारे याच कामात आहोत. कुणी हिंजवडीत बसून परदेशातले सर्व्हर बघतो, कुणी चाकणच्या व्हेंडरकडचे. म्हणून १९ जुलै २०२४ चा, म्हणजे एका सदोष फाइलने जगभरची विंडोज मशिनं पाडली त्या दिवसाचा, घटनाक्रम आपल्या घड्याळाने मांडायला हवा. जगभर तो दिवस विमानतळांवरच्या गोंधळासाठी लक्षात राहिला. माझ्या मते तो अपग्रेडनंतरच्या आवराआवरीचा दिवस होता, आणि त्याच नजरेने तो पाहिला पाहिजे.

गुरुवार, १८ जुलै, संध्याकाळ. ती फाइल सुटण्याच्या पंधरा तास आधी.

सिस्टीम चढली, सर्व्हर दोनदा रिस्टार्ट झाला, लॉगिनचा पडदा आला. इथे बहुतेक जण फोन करून सांगतात, "साहेब, झालं काम." खरं काम इथून सुरू होतं. ज्या सर्व्हिसेस आपोआप चालू व्हायला हव्यात त्या झाल्या का? डेटाबेस उघडतो का? रात्रीचा बॅकअप लागला आहे का, आणि त्यातली एखादी फाइल परत काढता येते का? डिस्पॅचचा लेबल प्रिंटर नव्या ड्रायव्हरवर नीट बारकोड छापतो का? ई-वे बिल निघतं का? अपग्रेडसाठी डिस्कचं बिटलॉकर कुलूप तात्पुरतं थांबवलं असेल, तर ते पुन्हा लावलं का आणि त्याची रिकव्हरी की कुठे लिहून ठेवली? शेवटी सुरक्षेचं सॉफ्टवेअर: जुनी आवृत्ती काढायची, नवी टाकायची, कन्सोलवर त्या सर्व्हरसमोर हिरवा ठिपका दिसला की निघायचं.

मोठ्या कंपन्यांत त्या हिरव्या ठिपक्यामागे अनेकदा क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीचं फाल्कन असतं. ते विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये बसतं आणि मशीन सुरू होतानाच जागं होतं. शिरकाव करणाऱ्याला त्याच्याआधी जागा मिळू नये, हा हेतू. पण कर्नलमध्ये चूक झाली तर एखादा प्रोग्राम बंद पडून भागत नाही, अख्खं मशीन बसतं.

काळजी घेणारे लोक फाल्कनची नवी आवृत्ती आली की लगेच सगळीकडे टाकत नाहीत. एक आवृत्ती मागे राहतात. आमच्याकडे त्याला 'एन मायनस वन' म्हणतात. आधी एका टेस्ट सर्व्हरवर, मग बाकीच्यांवर. त्या गुरुवारी हे सगळं शिस्तीत करून घरी गेलेल्यांना वाटलं, आपली बाजू भक्कम आहे. त्यात एक फट होती. आवृत्तीवर ग्राहकाचा ताबा होता, पण नवे हल्ले ओळखण्यासाठी दिवसातून अनेकदा येणाऱ्या छोट्या फायलींवर नव्हता. त्या थेट, सगळीकडे, एकदम येत. एन मायनस वनचा नियम त्यांना लागू नव्हता.

पाच महिने आधीपासून

ही फट उघडी पडायची तयारी फेब्रुवारीपासून चालली होती. २८ फेब्रुवारी २०२४ ला फाल्कनची ७.११ ही आवृत्ती आली. विंडोजमध्ये प्रोग्राम एकमेकांशी बोलायला जे 'नेम्ड पाइप' वापरतात त्यांतून होणारे हल्ले पकडण्यासाठी तिच्यात एक नवा साचा होता. साच्यात २१ रकाने ठरवले होते. त्यांना माहिती पुरवणारा कोड मात्र २० च रकान्यांची माहिती देत होता. चाकणच्या शॉपवर सांगायचं तर ड्रॉइंगमध्ये २१ भोकं आणि फिक्श्चरमध्ये २० पिना.

मग चाचणीत हे कसं सुटलं? ५ मार्चला ताण-चाचणी झाली, ती पास झाली, आणि त्याच दिवशी पहिली फाइल बाहेर पडली. ८ ते २४ एप्रिलच्या दरम्यान आणखी तीन गेल्या. सगळ्या सुरळीत चालल्या, कारण या चारही वेळा एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण होती आणि तो रकाना कुणी तपासतच नव्हतं. चार वेळा चाललं म्हणून पाचव्यांदाही चालेल, हा विश्वास तिथे तयार झाला. फायली बाहेर सोडण्याआधी तपासणारा एक व्हॅलिडेटर होता. त्यानेही २१ रकाने येणारच असं गृहीत धरलं होतं. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. चाचण्या होत्या, तपासनीस होता. पण ती फाइल एका खऱ्या विंडोज मशीनवर टाकून, रिस्टार्ट करून, पाच मिनिटं थांबून बघण्याचं साधं काम साखळीत नव्हतं.

शुक्रवार, १९ जुलै, पहाटे ३:२६. सहा तास आधी.

मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा अमेरिकेतला मध्य विभाग अडखळला. या घटनेचा क्राउडस्ट्राइकशी संबंध नाही. पण पुढे दिवसभर दोन्ही गोष्टी एकात एक मिसळल्या आणि 'मायक्रोसॉफ्ट बंद पडलं' हेच वाक्य सगळीकडे फिरत राहिलं. दुरुस्तीला बसलेल्यांचाही त्यात वेळ गेला, कारण दोष कुठला हे कळल्याशिवाय हात कुठे घालणार?

सकाळी ९:००. एकोणचाळीस मिनिटं आधी.

आपल्याकडे हीच वेळ वाईट. सुट्टीनंतरचा शुक्रवार, पहिली शिफ्ट कधीच लागलेली, जनरल शिफ्टचे लोक टेबलाशी पोहोचत होते. पुनावळ्याच्या अंडरपासपासून भूमकर चौकापर्यंतची रोजची कोंडी ज्याला ठाऊक आहे त्याला या वेळेचा अंदाज येईल. यात एक विचित्र गोष्ट आहे. ९:३९ पासूनच्या ७८ मिनिटांत ज्यांची मशिनं चालू आणि इंटरनेटला जोडलेली होती, धोका फक्त त्यांनाच होता. लॅपटॉप बॅगेत बंद ठेवून जो माणूस त्या कोंडीत अकरापर्यंत अडकला असेल, त्याचा लॅपटॉप वाचला.

९:३९

क्राउडस्ट्राइकचं मुख्यालय टेक्सासमधल्या ऑस्टिनला आहे. तिथे रात्रीचे अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती. त्यांचा गुरुवार अजून संपला नव्हता. या वेळी नव्या फायली सुटल्या. त्यांतल्या एका सूचनेत एकविसाव्या रकान्यात पहिल्यांदाच खरी, तपासायची अट होती. फाल्कनने एकविसावी माहिती वाचायला हात घातला, तिथे काही नव्हतं, त्याने आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचली, आणि कर्नलने मशीन पाडलं. निळा पडदा. रिस्टार्ट झाल्यावर फाल्कन पुन्हा आधी जागं झालं, पुन्हा तीच फाइल वाचली, पुन्हा निळा पडदा. मशीन त्याच फेऱ्यात अडकलं.

आता ही फाइल कुणाला भिडली ते बघा. फाल्कन ७.११ किंवा त्यापुढची आवृत्ती असलेल्या विंडोज मशिनांना. म्हणजे ज्यांनी वेळेवर अपग्रेड केलं, नवी आवृत्ती टाकली, कन्सोलवर हिरवा ठिपका बघितला, त्यांनाच. कामात कुचराई करणारा इथे सुटला आणि नियम पाळणारा सापडला. एवढ्यावरून अपग्रेड करू नका म्हणणारे लोक भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. जुन्या, सपोर्ट संपलेल्या सर्व्हरवर रॅन्समवेअरवाले रोज टपून असतात. कमी पडलं ते अपग्रेडनंतरचं शेवटचं काम: काय, कोणाच्या परवानगीने, कोणत्या मशीनवर आधी येईल हे ठरवण्याचं.

१०:५७

क्राउडस्ट्राइकने फाइल मागे घेतली, दुरुस्त फाइल सोडली. ७८ मिनिटं. दोष सापडला, उपाय निघाला, पण पडलेल्या मशिनांपर्यंत तो पोहोचायला मार्गच नव्हता. जे मशीन सुरूच होत नाही ते नवी फाइल घेणार कशी? आभाळातून आलेला बिघाड जगभर एकाच क्षणी पोहोचला. दुरुस्तीला मात्र प्रत्येक मशीनपाशी माणूस जावा लागला.

दुपार

इंडिगो, अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्स्प्रेस यांची चेक-इनची यंत्रणा अडखळली. इंडिगोने जवळपास दोनशे उड्डाणं रद्द केली आणि हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. पुणे विमानतळाचं नवं टर्मिनल अवघ्या पाच दिवसांपूर्वी, १४ जुलैला, सुरू झालं होतं. इथेही विमानं खोळंबली. बँकांचं मात्र निभावलं: रिझर्व्ह बँकेने सांगितलं की फक्त दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. सव्वातीनच्या सुमारास क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी एक्सवर लिहिलं की हा सायबर हल्ला नाही, विंडोजसाठीच्या एका कंटेंट अपडेटमधला दोष आहे. आपल्याकडे तोवर साडेपाच तास उलटले होते.

संध्याकाळ ते मध्यरात्र

आता ती आवराआवर सांगतो, कारण तिच्याबद्दल कमी लिहिलं गेलं.

उपाय कागदावर चार ओळींचा. मशीन सेफ मोडमध्ये सुरू करा. विंडोजच्या ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडा. 'सी-०००००२९१' ने सुरू होणारी फाइल शोधून काढून टाका. रिस्टार्ट करा. सरावलेल्या हाताला एका मशीनला काही मिनिटं पुरतात. मायक्रोसॉफ्टने असंही सांगितलं की काही क्लाउडवरची मशिनं नुसती पुन्हापुन्हा, अगदी पंधरा वेळापर्यंत, रिस्टार्ट केली तर उठतात. निळा पडदा येण्याआधीच्या काही सेकंदांत दुरुस्त फाइल आत आली तर मशीन वाचायचं. उरलेल्या आभासी सर्व्हरांची डिस्क सोडवून ती दुसऱ्या धडधाकट सर्व्हरला जोडायची, फाइल काढायची, डिस्क परत आणून लावायची.

पण सेफ मोडच्या दाराशीच बिटलॉकर आडवं येतं. ते रिकव्हरी की मागतं: ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. प्रत्येक मशीनची वेगळी. या की बहुतेक ठिकाणी कंपनीची सगळी लॉगिनं सांभाळणाऱ्या डोमेन कंट्रोलरवर साठवलेल्या असतात, आणि डोमेन कंट्रोलर हाही एक विंडोज सर्व्हर, त्यावरही फाल्कन. तोच निळा झाला असेल तर किल्ल्या आत आणि दार बंद. ज्यांनी अपग्रेडनंतर त्या किल्ल्यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवली होती, कागदावर का असेना, त्यांनी आधी डोमेन कंट्रोलर उठवला आणि मग बाकीचे. ज्यांनी ठेवली नव्हती त्यांना जुन्या बॅकअपमधून सर्व्हर उभा करावा लागला. घरून काम करणाऱ्याच्या लॅपटॉपचं तर सगळं फोनवर. "सर, तिसरा गट परत सांगा." एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ज्या माणसाने आयुष्यात कधी सेफ मोड पाहिला नाही त्याच्याकडून हे करून घेणं म्हणजे काय, ते हेल्पडेस्कवर बसलेल्यांनाच विचारावं. त्या रात्री जगाची यंत्रणा या मुलामुलींनी उठवली, आणि त्यांतली कितीतरी आपल्या हिंजवडी-वाकड-पुनावळ्याच्या पट्ट्यातली असणार. त्यांची नावं कुठल्याही अहवालात नाहीत.

शनिवार, २० जुलै, पहाटे ३:००

देशातल्या विमानतळांवरच्या यंत्रणा पहाटे तीनपासून नीट चालू झाल्याचं नागरी विमान वाहतूकमंत्री राममोहन नायडू यांनी जाहीर केलं. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने आकडा दिला: सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं पडली. जगातल्या एकूण विंडोज मशिनांच्या एक टक्क्याहूनही कमी. अमेरिकेत डेल्टा एअरलाइन्सला सावरायला पाच दिवस लागले, सुमारे सात हजार उड्डाणं रद्द झाली आणि कंपनीने ५० कोटी डॉलरचं नुकसान सांगितलं. इतर विमान कंपन्या तिच्याआधी सावरल्या होत्या. याचा अर्थ मला तरी एवढाच लागतो की बिघाड सगळ्यांचा सारखाच होता, फरक पडला तो उठवण्याच्या तयारीत.

गुरुवार, २५ जुलै

पुढची साप्ताहिक सुट्टी. राहिलेली मशिनं, तात्पुरते काढलेले बिटलॉकर, घाईत बदललेले पासवर्ड, फोनवर सांगितलेल्या आणि म्हणून आता बदलायला हव्यात अशा रिकव्हरी की, हे सगळं आवरायला हाच दिवस हाताशी होता. त्या दिवशी पुण्यात पावसाने कहर केला. सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं, पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. त्याच दिवशी क्राउडस्ट्राइकने ९७ टक्के विंडोज मशिनांवरचं फाल्कन पुन्हा जोडलं गेल्याचं सांगितलं. ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचायला २९ जुलै उजाडला.

६ ऑगस्टला कंपनीचा सविस्तर अहवाल आला. २१ आणि २० चा घोळ त्यात मान्य केला होता. यापुढे अशा फायली टप्प्याटप्प्याने सोडू, आधी थोड्या मशिनांवर थांबून बघू, आणि कोणत्या सर्व्हरवर त्या कधी घ्यायच्या हे ग्राहकाला ठरवता येईल, असंही त्यात होतं. ते आता कन्सोलमध्ये ठरवता येतं. सर्व्हर अपग्रेड करून हिरवा ठिपका दिसल्यावर, निघण्याआधी, तो पर्याय उघडून डोमेन कंट्रोलर आणि प्रॉडक्शनचे सर्व्हर उशिराच्या गटात टाकायचे. पाच मिनिटांचं काम आहे.