बॉग, दलदल आणि उपळट : शहापूर-मुरबाडच्या ओल्या जमिनीचा शब्दविचार

इंग्रजीतील ‘बॉग’ हा शब्द मूळचा गेलिक भाषेतील आहे. तेथे ‘बॉग’ म्हणजे मऊ. आयर्लंड व स्कॉटलंड या देशांतील ज्या मऊ, पाण्याने फुगलेल्या आणि पाय घालताच दबणाऱ्या भूमीला हे नाव मिळाले, ती केवळ चिखलाची जागा नव्हे. स्फॅग्नम जातीचे शेवाळ तेथे शतकानुशतके वाढते, मरते आणि न कुजता थरावर थर साचत जाते. या साचलेल्या वनस्पतिद्रव्यास ‘पीट’ म्हणतात. ते वर्षाला सरासरी एखादा मिलिमीटर इतक्याच मंद गतीने वाढते. थंड हवा, वर्षभर राहणारी ओल आणि आम्लयुक्त पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याखेरीज असा थर बनत नाही. त्याच इंग्रजी शब्दाचा पुढे ‘रुतून बसणे’ असा क्रियापदाचा अर्थ झाला आणि बोलीत तो शौचकूपासही लागू लागला. शब्दाची ही घसरण लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण ज्या भूमीचा उपयोग परक्याला कळत नाही, तिचे नाव शिवीसारखे वापरले जाण्यास वेळ लागत नाही.

इंग्रजी-मराठी कोशांत या शब्दापुढे बहुधा ‘दलदल’ हा प्रतिशब्द आढळतो. तो कामचलाऊ आहे, परंतु अचूक नाही. दलदलीत पीट असलेच पाहिजे असे नाही. आणि मराठी माणसाच्या मनात दलदल म्हणजे मुख्यतः रुतण्याचे भय, मग ते जमिनीतले असो वा कर्जातले. संस्कृत कोशपरंपरेने येथे एक सूक्ष्म भेद केला होता. अमरकोशात पंक, कर्दम, जम्बाल, शाद, निषद्वर हे चिखलाचे पर्याय वारिवर्गात येतात, तर अनूप व कच्छ हे पाणथळ प्रदेशाचे वाचक शब्द भूमिवर्गात येतात. म्हणजे द्रव्य निराळे आणि देश निराळा. आयुर्वेदानेही जांगल, आनूप व साधारण असे देशाचे तीन प्रकार मानले. त्यांतील ‘जांगल’ हा कोरडा, मोकळा प्रदेश होता. त्याच शब्दकुळातून आलेले ‘जंगल’ आज घनदाट झाडीला लावले जाते, यावरून भूमिवाचक शब्द किती सहज उलटे फिरतात याची कल्पना यावी.

आटगावच्या परिसरात खरी ‘बॉग’ नाही आणि असण्याचा संभवही नाही. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगाव व तानशेत यांच्यामध्ये असलेले हे गाव, एकेकाळी कोळवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहापूर तालुक्यात मोडते. खाली काळा पत्थर, त्यावर मुरूम आणि सखल भागात चिकण माती अशी येथील जमिनीची ठेवण आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि नंतरचे आठ महिने बहुतांशी कोरडे जातात. अशा उष्ण व ऋतुबद्ध हवेत वनस्पतींचे अवशेष टिकत नाहीत. ते कुजून मातीस मिळतात. दक्षिणेत पीट सापडते ते नीलगिरीच्या सुमारे दोन हजार मीटरांहून उंच माथ्यावर. रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली तेथील थरांवरून गेल्या वीस हजार वर्षांतील हवामानाचा आलेख मांडला. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात दवबिंदू, सीतेची आसवे यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात. युरोपातील बॉगमध्येही त्यांचे भाऊबंद आहेत, कारण दोन्हीकडे जमीन पोषणद्रव्यांनी दरिद्री आहे. पण सड्यावरील ही ओल दिवाळीनंतर टिकत नाही.

रेल्वेच्या इतिहासातही हा फरक उमटलेला आहे. १८३० मध्ये सुरू झालेल्या लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गासाठी जॉर्ज स्टीफन्सनला चॅट मॉस नावाच्या बॉगवर झुडपांच्या व फांद्यांच्या जुड्या अंथरून रूळ जणू तरंगते ठेवावे लागले. १८६१ मध्ये आसनगावहून आटगाववरून कसाऱ्यापर्यंत गाडी पोहोचली. तेथून इगतपुरीस जाण्यास १८६५ साल उजाडले आणि त्याचे कारण चिखल नव्हते. अडवणूक केली ती थळ घाटाच्या कातळाने.

मग येथील ओल्या जमिनीचे स्वरूप कोणते? ती ऋतूने येते आणि श्रमाने टिकवली जाते. डोंगरउतारावरून पाझरत आलेले पाणी खाचरात बांधाने अडवायचे, नांगराने व गुट्याने चिखलणी करायची, म्हणजे मातीचे सूक्ष्म कण खाली बसून एक घट्ट थर तयार होतो आणि पाणी मुरत नाही. मग त्या रेंद्यात भाताची रोपे लावायची. हवा न मिळणाऱ्या अशा मातीत युरोपीय दलदलीप्रमाणेच मिथेन वायू निर्माण होतो. १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टाने माज्जोरे सरोवराच्या काठच्या चिखलातून गोळा केला तो हाच वायू. रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर भातखाचर ही दरवर्षी नव्याने बांधली जाणारी आणि दरवर्षी मोडली जाणारी दलदलच होय. तिला कोणी दलदल म्हणत नाही, हा मात्र भाषेचा न्याय आहे. जे पोट भरते त्याला भयवाचक नाव कोण देईल?

या भूमीचे मोल सरकारी दप्तरात कसे ठरले, हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा आहे. १८४७ च्या संयुक्त अहवालात गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांनी मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीचे नियम एकत्र केले. त्यांत जमिनीची प्रत उतरवणारे काही दोष ठरवून दिले होते. चुनखडी, वाळू, उतार यांच्या जोडीने पृष्ठभागाजवळच्या झऱ्यांमुळे होणारा अतिरिक्त ओलावा, म्हणजे ‘उपळट’पणा, हाही एक दोष होता. देशावरील काळ्या रानाच्या दृष्टीने हे योग्यच होते; चिबड झालेल्या रानात ज्वारी पिवळी पडते. कोकणातील भातजमिनीची प्रत लावताना मात्र पाणी अधिक काळ टिकणे हा गुण धरावा लागला. एकाच ओलीला घाटावर दोष आणि घाटाखाली गुण ठरवणारी ही पद्धती मोजणीदारांच्या व्यवहारज्ञानाची साक्ष देते. तथापि जी ओल भाताच्याही कामी येत नव्हती, तिला गुणही लाभला नाही. ओढ्याकाठची गवताळ भिजट पट्टी, बारमाही पाझराची जागा, डबके यांची गणना ‘पोटखराब’ या सदरात होऊ लागली. उताराच्या वरकस जमिनीवरील राबाचा प्रश्न १८८७ च्या मुंबई जंगल आयोगाच्या अहवालापर्यंत पोहोचला; भिजट पट्ट्यांसाठी असा कोणताही वाद झाला नाही, कारण त्यांवर कोणाचा महसूलही नव्हता आणि हक्कही स्पष्ट नव्हता.

विसाव्या शतकात ‘पाणथळ’ हा बोलीतला शब्द कायद्याच्या भाषेत शिरला. १९७१ च्या रामसर करारात पाणथळीची व्याख्या विस्तृत आहे: नैसर्गिक वा कृत्रिम, कायमची वा तात्पुरती, गोडी वा खारी, अशी सर्व ओली भूमी तिच्यात येते. भारत या करारात १९८२ मध्ये सामील झाला. भारत सरकारच्या २०१७ च्या पाणथळविषयक नियमांनी मात्र नदीपात्रे, भातशेती, तसेच पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय या व्याख्येतून वगळले. शहापूरचा नकाशा समोर ठेवला की या वगळण्याचा अर्थ उघड होतो. १८९२ मधील तानसा, पुढे वैतरणेवरील मोडकसागर आणि भातसा हे मुंबईला पाणी पुरवणारे जलाशय व्याख्येबाहेर; भाताची खाचरे व्याख्येबाहेर; नद्याही बाहेर. उरतात त्या पोटखराबातल्या लहान भिजट जागा. परंतु ज्या राष्ट्रीय नोंदीच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दोन लाखांहून अधिक पाणथळींना संरक्षण दिले, ती नोंद २.२५ हेक्टरांहून मोठ्या जागांची आहे. पाझराची गुंठा-दोन गुंठ्यांची जागा तिच्यात दिसत नाही.

आणि मे महिन्यात विहीर आटली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतील बाया हंडा घेऊन अनेकदा ज्या जागी झिरपा उकरण्यास जातात, ती जागा नेमकी हीच असते.