टाइमस्टॅम्प, फाइलनावातील

डेटा इंटिग्रेशनच्या जॉबने तयार केलेल्या फाइलच्या नावात जोडलेली तारीख आणि वेळ. उदा., विक्री_२०२४०३१५_२३३००५.सीएसव्ही. ती नसेल, तर बहुतेक जॉब आजची फाइल कालच्या फाइलवरच लिहितात. फाइल सिस्टीम बदलाची वेळ नोंदवतेच. पण फाइल दुसऱ्या सर्व्हरवर गेली की ती वेळ बऱ्याचदा बदलते. नाव मात्र फाइलबरोबर जाते.

आकडे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद अशा क्रमाने लिहितात आणि एकेरी आकड्याआधी शून्य देतात. १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या मानकाचा क्रमही हाच आहे. त्यामुळे नावांनुसार लावलेली यादी आपोआप कालक्रमाने लागते. दिवस आधी लिहायची आपली सवय इथे नडते, कारण मग सगळ्या महिन्यांच्या १ तारखेच्या फाइली एकत्र येतात. विंडोजमध्ये फाइलनावात कोलन चालत नाही, म्हणून वेळेचे आकडे सलग लिहितात.

पेंटाहो या डेटा इंटिग्रेशन साधनाच्या टेक्स्ट फाइल आउटपुट या स्टेपमध्ये तारीख आणि वेळ जोडण्यासाठी नुसती खूण करावी लागते. टॅलेंड या दुसऱ्या साधनात फाइलच्या पाथला जावाची एक्स्प्रेशन जोडतात, आणि चुका होतात त्या तिथेच. जावाच्या फॉरमॅटमध्ये महिन्यासाठी कॅपिटल एम, तर मिनिटांसाठी स्मॉल एम. महिन्याच्या जागी स्मॉल एम पडला, तर १५ मार्च २०२४ रोजी १० वाजून ४७ मिनिटांनी निघालेल्या फाइलवर २०२४४७१५ अशी तारीख येते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. वर्षासाठी कॅपिटल वाय लिहिण्याची चूक अधिक लबाड : ते अक्षर आठवड्याच्या हिशेबाचे वर्ष देते, म्हणून जवळजवळ वर्षभर सारे ठीक चालते आणि ३१ डिसेंबर २०२४ च्या फाइलवर २०२५१२३१ उमटते.

घड्याळ कोणते, हेही ठरवावे लागते. सर्व्हर यूटीसीवर असेल, तर पुण्यात रात्री सव्वाबाराला चाललेल्या जॉबच्या फाइलवर आदल्या दिवसाची तारीख पडते. न्यूयॉर्कच्या स्थानिक वेळेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे १ ते २ हा तास दोनदा येतो. त्या तासातली दुसरी फाइल पहिलीला पुसू शकते. यूटीसी वापरली आणि तिची खूण म्हणून नावाच्या शेवटी झेड लावला, की दोनदा येणाऱ्या तासाचा घोळ टळतो.

वेळ जॉबच्या सुरुवातीला एकदाच घेऊन व्हेरिएबलमध्ये ठेवावी. प्रत्येक घटकाने ती नव्याने विचारली, तर मध्यरात्र ओलांडणाऱ्या जॉबची मुख्य फाइल एका तारखेची आणि रिजेक्ट फाइल दुसऱ्या तारखेची निघते.

सर्वांत महाग पडते ती डेटाची तारीख आणि जॉब चालल्याची वेळ यांतली गल्लत. १४ तारखेच्या विक्रीचा फसलेला जॉब १६ तारखेला पुन्हा चालवला आणि नावात फक्त चालल्याची वेळ असली, तर जुनी अर्धवट फाइल तशीच राहते, शेजारी नवी येते आणि पुढचा लोड दोन्ही उचलतो. अर्धवट फाइलमधली विक्री दोनदा मोजली जाते. म्हणून नावात डेटाची तारीख ठेवून रीरनला तीच फाइल पुन्हा लिहिणे बरे. चालल्याची वेळ लॉगमध्ये असतेच. दोन्ही ठेवायच्याच असतील, तर लोडने प्रत्येक तारखेची फक्त शेवटची फाइल घ्यावी.