धानामागची शेंग : बल्लारपूरच्या मुलखातला जमिनीचा कस

झाडीपट्टीत जमिनीचा कस राखण्यात शेंगवर्गीय पिकांचा वाटा मोठा होता. बल्लारपूरला वर्धेच्या काठी काळी जमीन आहे. पूर्वेला मूल-सिंदेवाहीकडे गेले की मोरंड, खरडी आणि बरडी लागते. हलक्या खरडी-बरडीत ओल टिकत नाही, तांबड्या मातीतले स्फुरद लोहाशी जखडून बसते, आणि दरवर्षी धान घेतल्याने नत्र कमी होत जाते.

यावर शेतकऱ्यांनी काढलेला उपाय म्हणजे उतेरा. धान पिवळे पडू लागते, बांधीतले पाणी उतरते, पण चिखल ओला असतो. अशा वेळी उभ्या पिकातच लाखोळी हे कडधान्य फोकतात, म्हणजे हाताने फेकून पेरतात. त्यासाठी नांगर चालवत नाहीत, खतही घालत नाहीत. धान कापले जाईपर्यंत रोप रुजलेले असते आणि उरलेल्या ओलीवर हिवाळा काढते. ओल धरणाऱ्या बांधीत पोपट म्हणजे वाल, धुऱ्यावर तूर आणि घरामागच्या बाडीत मांडवावर वेल, अशी शेंगांची सोय प्रत्येकाच्या जमिनीप्रमाणे ठरे. मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र धरतात, हे युरोपात १८८०च्या दशकात हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी सिद्ध केले. उतेऱ्याची रीत या सिद्धांतावर अवलंबून नव्हती.

नत्र शेंगेने दिले, तरी बाकीचे तळ्यातून आणि गोठ्यातून येई. तळ्यांची गोष्ट गोंड राजवटीपर्यंत जाते : बल्लारपूर ही गोंड राजांची राजधानी होती. खांडक्या बल्लाळशहाच्या काळात ती चंद्रपूरला गेली. तळे बांधणाऱ्याला त्याखालची जमीन देण्याची गोंड राजांची रीत परंपरेने सांगितली जाते. तळी उभारण्यात कोहळी समाज विशेष निपुण होता. उन्हाळ्यात तळे आटले की गाळ गाड्यांनी शेतात जाई. बरडीला तो विशेष मानवे, कारण त्याने ओल धरण्याची ताकद वाढते. धान निघालेल्या शेतात मेंढ्या बसवल्या जात, आणि लेंडी-मूत्र जागेवरच मुरे. भामरागडकडच्या माडिया गोंडांची फिरती शेती मात्र राखेवर उभी होती : जंगल तोडून जाळायचे, दोन-तीन वर्षे पीक घ्यायचे आणि जागा बदलायची.

ही घडी वरून आलेल्या कायद्यांनी विस्कटली. १८७८च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलात चराई आणि तोड यांवर बंधने आली, आणि शेणखताचा मूळ स्रोतच आवळला गेला. १९५१मध्ये मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, संपली. तळी शासनाकडे गेली आणि गाळ काढण्याची गावाची जबाबदारी सैल झाली. दुष्काळात केवळ लाखोळीवर राहणाऱ्यांना पाय लुळे पडण्याचा विकार होई, म्हणून १९६१मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. रोगाची चिंता खरी होती, पण आहारात तिचे प्रमाण मर्यादित ठेवण्याचा विचार आधी व्हायला हवा होता. पुढे कमी विषारी वाण निघाले आणि नागपूरच्या शांतीलाल कोठारींनी बंदीविरुद्ध दीर्घ लढा दिला.

आता भाजीसाठी फरसबीही लावली जाते. ती मूळची अमेरिका खंडातली आणि नत्र धरण्यात वालापेक्षा दुबळी. तिला फक्त गाठींच्या भरवशावर सोडता येत नाही. कुजलेले शेणखत, स्फुरद आणि पेरणीवेळी नत्राची बेताची मात्रा लागते. नत्र जास्त झाले की पाला माजतो आणि शेंगा कमी लागतात. पाणी साचलेले तिला सोसत नाही, त्यामुळे धानाच्या खोलगट बांधीपेक्षा निचऱ्याची बाडीच तिला योग्य. २०१७पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून तळ्यांचा गाळ पुन्हा शेतात नेता येतो. तो टाकण्याआधी मातीची तपासणी करून घ्यावी.