कोंबड्यांचे माणसाळणे

परसात किंवा छोट्या कळपात वाढणाऱ्या कोंबड्यांना माणसाची वाटणारी भीती कमी करणे आणि वाढत्या वयातली त्यांची आपसांतली भांडणे आटोक्यात ठेवणे. कुत्र्यामांजराचा असतो तसला लळा येथे अपेक्षित नसतो. हाक मारली की धावत येणारी, उचलताना पंख न झाडणारी, लस देताना किंवा पायाचे खवले तपासताना हातात निवांत राहणारी कोंबडी माणसाळलेली समजावी. बुजरा कळप पाळणाऱ्याला महागात पडतो. भांडे पडल्याचा आवाज झाला तरी पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात.

पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबडीपासून (गॅलस गॅलस) आली. सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याचाही तिच्यात अंश आहे. पिवळ्या कातडीचे जनुक त्याच्याकडून आल्याचे २००८ मध्ये दाखवले गेले. रानकोंबडी माणसाची चाहूल लागताच झुडपात शिरते. हा बुजरेपणा काही अंशी आनुवंशिक असतो. स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठात पेर येन्सेन व सहकाऱ्यांनी तांबड्या रानकोंबड्यांमधून माणसाला कमी घाबरणारे पक्षी निवडून त्यांचीच पैदास केली. निवड केवळ भीतीवरून झाली होती, तरी काही पिढ्यांत हे पक्षी वजनाने भारी झाले आणि शरीराच्या मानाने त्यांचा मेंदू लहान झाला.

जातींच्या स्वभावात म्हणूनच फरक दिसतो. अंड्यांसाठी पाळली जाणारी व्हाइट लेगहॉर्न हलक्या अंगाची व चटकन उडणारी. ब्रह्मा, कोचीन, सिल्की या जाती संथ. मूळची झाबुआकडची कडकनाथ चपळ व सावध असते आणि हाताशी यायला वेळ घेते. असीलची गोष्ट निराळी आहे. झुंजीसाठी जोपासलेला असील नर दुसऱ्या नराला उभा राहू देत नाही, पण धन्याच्या काखेत मुकाट बसतो. ज्याला वारंवार हाताळायचे, तो माणसावर उलटून चालत नसे. पक्ष्यांच्या झुंजी लावणे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

जातीपेक्षाही महत्त्वाचे असतात ते पहिले काही दिवस. डग्लस स्पाल्डिंग या ब्रिटिश निरीक्षकाने अंड्यातून बाहेर पडताच पिल्लांच्या डोळ्यांवर टोप्या चढवल्या आणि त्या वेगवेगळ्या वयांत काढल्या. लवकर मोकळी झालेली पिल्ले त्याच्याच मागे चालू लागली. जवळजवळ चार दिवस झाकून ठेवलेली मात्र त्याला पाहताच जिवाच्या आकांताने पळाली. हे निरीक्षण १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्ट्स याने १९३५ मध्ये या प्रक्रियेची सविस्तर मांडणी केली. डोळ्यांसमोर प्रथम हलणाऱ्या वस्तूचा पिल्लाच्या मनावर ठसा उमटतो, आणि त्याची दारे दोन-तीन दिवसांत मिटू लागतात. त्यानंतर पिल्ले माणसाळतच नाहीत असे नाही. फक्त ठशाच्या जागी सवय येते आणि तिला आठवडे लागतात.

सवय लावण्याआधी ऊब. पहिल्या आठवड्यात कृत्रिम दाईखाली पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५° से. तापमान लागते, पुढे ते दर आठवड्याला साधारण ३° कमी करतात. थंडीने चिरकणारे पिल्लू काहीही शिकत नाही. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर ऊब कमी, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर जास्त, आणि भर गादीवर पसरून बारीक किलबिलत असली तर बरोबर. अशा वेळी तळहात वर करून तुसाच्या गादीवर ठेवावा आणि हलवू नये. पिल्ले आधी नखावर चोच मारतात, मग बोटातल्या अंगठीवर, हातावरच्या तिळावर. थोड्या वेळाने एखादे धीट पिल्लू मनगटावर चढून डोळे मिटते. हातावर कणी किंवा भरडलेला मका टाकला की काम लवकर होते. वाळवी असेल तर फारच लवकर. हात वरून मात्र कधीही नेऊ नये. वरून येणारी सावली म्हणजे घार किंवा शिक्रा, ही भीती कोंबडीच्या रक्तातच असते. आकाशातल्या शत्रूसाठी तिच्याकडे धोक्याची वेगळी हाक आहे आणि जमिनीवरच्यासाठी वेगळी. खाली बसून, बाजूने, दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून पिल्लू उचलावे. पायाला धरून उलटे लोंबकळवत नेण्याची बाजारातली रीत घरच्या कळपाला लावली, तर आठवड्यांची मेहनत एका दिवसात वाया जाते. खाणे देताना मारायची हाक कोणतीही चालेल, पण ती रोज तीच हवी.

खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांचा ठसा आईवर उमटतो. कशाला भ्यायचे हेही ती आईकडूनच शिकतात. आई माणसाजवळ निर्धास्त असेल तर पिल्लेही पायांत घोटाळतात; आई पिसे फुलवून अंगावर येत असेल तर पिल्लांना हात लावण्याचा हट्ट सोडून आधी तिलाच दाण्याची सवय लावणे शहाणपणाचे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पिल्ले समोरासमोर उभी राहून माना ताणतात आणि छातीला छाती भिडवतात. हा खेळही असतो आणि मापणीही. यातूनच कळपातली पायरी ठरते. नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञ टोर्लाइफ श्येल्डरुप-एबे याने कोंबड्यांमधली ही टोचण्याची उतरंड १९२२ मध्ये मांडली : वरची खालचीला टोचते, खालची उलट टोचत नाही. उतरंड एकदा बसली की भांडणे कमी होतात, म्हणून प्रत्येक चोचीमागे माणसाने मध्ये पडू नये. रक्त निघाले तर मात्र लगेच पडावे. लाल जखम दिसताच सारा कळप तिथेच टोचू लागतो आणि पिल्लाचा जीवही जातो. जखमी पिल्लू वेगळे काढावे, पण शक्यतो जाळीआड, इतरांच्या नजरेसमोर ठेवावे. दूर नेऊन बऱ्याच दिवसांनी आणले तर ते परके ठरते. पिसे उपटण्याची खोड लागली, तर पिल्लांच्या स्वभावाला दोष देण्याआधी व्यवस्था तपासावी. दाटी, भगभगीत दिवा, खाद्यात प्रथिने किंवा मिठाची कमतरता, एकच खाद्यभांडे ही नेहमीची कारणे. रिकाम्या चोचीला काम हवे. गादीत दाणे विखुरणे आणि पालेभाजीची जुडी उंच टांगणे यांनीही फरक पडतो. नवे पक्षी एकेकटे आणू नयेत. त्यांना काही आठवडे वेगळे ठेवून, मग काही दिवस जाळीआडून ओळख करून देऊन, शेवटी रात्री अंधारात खुराड्यात सोडावे.

नरांचे गणित उलटे आहे, आणि हौशी पाळणारे नेमके येथेच चुकतात. मांडीवर वाढवलेला नर माणसाला भीत नाही. पाच-सहा महिन्यांचा झाला की तो त्याला प्रतिस्पर्धी समजतो. एक पंख खाली झुकवून कडेकडेने फिरणे, मानेची पिसे फुलवणे, वळलेल्या पाठीवर झेप घेणे या त्याच्या पायऱ्या. शहरांतल्या रस्त्यांवर विकली जाणारी गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले बहुधा अंड्यांच्या जातीचे नर असतात. मादी नसल्याने उबवणी केंद्रांना त्यांचा उपयोग नसतो. बरीच पिल्ले थंडीने मरतात, आणि मुलांनी खोक्यात एकट्याने वाढवलेले एखादे जगलेच, तर घरातल्यांच्या पोटऱ्या फोडते. म्हणून नर पिल्ले आठ-दहा तलंगांबरोबर वाढवावीत, हाताळावीत, पण लाडावू नयेत. त्यांच्यादेखत माद्यांमागे धावून पकडापकडी करू नये. नर अंगावर आला तर पळू नये आणि लाथही मारू नये, कारण दोन्हींतून त्याला झुंजच मिळते. शांतपणे पुढे चालत राहावे, किंवा त्याला काखेत घेऊन नेहमीची कामे उरकावीत. इतके करूनही लहान मुलांवर झेपावणारा नर ठेवू नये आणि त्याची पैदासही वाढवू नये.

माणसाळल्याची काही लक्षणे फसवी असतात. अंड्यावर येणारी तलंग पाठीवर हात ठेवताच खाली बसून खांदे पसरते. ही प्रेमाची खूण नसून नराला दिलेली संमती असते. पाठीवर झोपवलेली कोंबडी निपचित राहते, तीही शांत झालेली नसते. जर्मन जेझुइट विद्वान आथानाझिउस किर्शर याने १६४६ मध्ये बांधलेल्या कोंबडीसमोर खडूची रेघ ओढून हा चमत्कार म्हणून वर्णिला. आज अभ्यासक हीच अवस्था किती वेळ टिकते यावरून भीती मोजतात. खरी खूण साधी आहे : माणूस जवळ असतानाही कोंबडी धुळीत अंघोळ करते, पिसे साफ करते, डोळे मिटते.

जवळीक वाढली की स्वच्छताही वाढवावी लागते. धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. मुलांनी पिल्लांचे मुके घेऊ नयेत आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. एकाएकी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श न करता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.