तोफ झाल्यावरचे पुणे

उत्तर पेशवाईतले पुणे चोरापोरांच्या दृष्टीने किती निर्धोक होते हे सांगताना दोन साक्षी हमखास पुढे केल्या जातात. पहिली विल्यम टोन या आयरिश अधिकाऱ्याची. तो पेशव्यांच्या चाकरीत होता आणि त्याने 1796 साली लिहून ठेवले आहे की रात्री दहानंतर तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्याला गस्तवाले धरत आणि सकाळी कोतवालाने सोडेपर्यंत अडकवून ठेवत. अवेळी बाहेर पडल्यामुळे खुद्द पेशव्यालाही एकदा रात्रभर अटकेत बसावे लागले, असेही तो सांगतो. (कडक शिस्तीच्या प्रत्येक राजवटीबद्दल अशी एखादी गोष्ट सांगितली जातेच, पण ती लोकांना खरी वाटत होती एवढे तरी त्यातून कळते.) दुसरी साक्ष माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरच्या 1819 च्या अहवालात तो म्हणतो, पुण्याच्या कोतवालाला महिना नऊ हजार रुपये मिळत. त्यातून त्याला बरेच प्यादे, काही घोडेस्वार आणि रामोशी पोसावे लागत, शिवाय चोरीला गेलेला माल भरून देण्याची जबाबदारीही त्याचीच असे. खून आणि जबरी दरोडे क्वचितच होत आणि मालमत्ता असुरक्षित असल्याची तक्रार आपल्या कानी आली नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. या दोन्ही साक्षी मला खोट्या वाटत नाहीत. मात्र त्यांवरून ‘पुणे सुरक्षित होते’ असा जो निकाल लावला जातो, तो पटत नाही.

या व्यवस्थेचे मर्म चोर पकडण्यात नव्हते. चोरी कोणाच्या अंगावर टाकायची हे आधीच ठरलेले होते, तेच तिचे मर्म. याचे मूळ खेड्यात सापडते. गावात चोरी झाली की जागल्याने, म्हणजे बहुधा रामोशी, भिल्ल किंवा महार राखणदाराने, माग काढायचा. पावलाचे माप घ्यायचे, शिवेपर्यंत जायचे आणि तो माग पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. ज्या शिवारात माग हरवेल त्या गावावर भरपाई येई. शनिवार, बुधवार, रविवार पेठांच्या गर्दीत पावलाचा माग कुठून निघणार? म्हणून शहरात वेगळा उपाय आला. रात्री कोणी पाऊलच टाकायचे नाही. जो टाकील तो आपसूक गुन्हेगार, मग त्याने चोरी केली की नाही हे शोधायची गरज उरत नाही. आणि भरपाई ज्याच्या खिशातून जायची तोच कोतवाल चोरीची नोंद ठेवणार असेल, तर अशा दप्तरात चोऱ्या कमीच दिसणार.

शिवाय कोतवालीला नुसती चौकी समजून चालत नाही. वजनेमापे, बाजारभाव, घरांच्या खरेदीविक्रीची नोंद, शहरात आल्यागेल्याची खबर, रस्त्यावरचे तंटे, हे सगळे तिच्याकडे होते आणि गुन्हेगारी हे उत्पन्नाचेही साधन होते. जुगार, चोरटी दारू आणि मुख्य म्हणजे ‘बदकर्म’ यांवरच्या दंडांनी चावडीची आवक वाढे. बदकर्माचा आळ आलेल्या गरीब बायकांना सरकारी कुणबिणी करून टाकल्याच्या नोंदी पेशवे दप्तरात आहेत. त्यांच्या लेखी रात्रीच्या पुण्यातला धोका कोण होता, चोर की गस्त? नाना फडणविसांनी 1777 साली नेमलेला घाशीराम सावळदास चौदा वर्षे या जागेवर होता. तेंडुलकरांच्या नाटकामुळे आज तो घरोघर माहीत आहे, पण नाटक बाजूला ठेवूनही ऑगस्ट 1791 ची घटना पुरेशी बोलकी आहे. श्रावणातल्या दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना चोरीच्या संशयावरून एका कोंदट खोलीत कोंडले आणि त्यांतले वीसएक जण गुदमरून मेले. मग क्षोभ उसळला आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले गेले.

आता कोणी म्हणेल, घाशीराम हा अपवाद होता. तसे असते तर त्याच्यामागे ही पद्धत बदलली असती. टोनने पाहिलेली तोफ आणि गस्त त्याच्या मृत्यूनंतरची आहे, आणि ही जागा फार किफायतीची मानली जाई असे सांगणारा एल्फिन्स्टन तर त्याहूनही नंतरचा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लंडनला पगारी महानगर पोलीस 1829 साली मिळाले, तेव्हा पुण्याच्या बंदोबस्ताला आजच्या फुटपट्टीने मोजणे अन्यायाचे नाही का? पुण्याची यंत्रणा तिच्या काळात सरस होती हे मी बिनशर्त मान्य करतो. पण तेव्हाच्याच पुणेकरांना विचारले असते तरी उत्तर एक आले नसते. 1798 साली शिंद्यांच्या फौजेचा खर्च भागवण्यासाठी सर्जेराव घाटग्याने शहरातल्या सावकार-मुत्सद्द्यांना पकडून पैसा उकळला, आणि नानांचे आप्त गंगाधरपंत भानू तापलेल्या तोफेला बांधले जाऊन मेले. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरच्या लढाईनंतर यशवंतराव होळकरांच्या फौजेने शहर लुटले. यातले काहीही कोतवालाच्या भरपाईत बसत नव्हते. रात्री भिंत फोडून शिरणारा तो चोर, आणि दिवसाढवळ्या सरकारच्या संमतीने दार ठोठावणारा तो वसुलीदार. तिसरा आक्षेप असा, की शत्रूच्या पोलिसांची स्तुती इंग्रज उगाच कशाला करील? त्याला कारण होते. एल्फिन्स्टनला जुन्या संस्था शक्य तितक्या टिकवायच्या होत्या, पंचायतीपासून गावकीपर्यंत, आणि त्याचा अहवाल त्या धोरणाची बाजू मांडतो. शिवाय त्याच्या कानी तक्रार यायची ती संगमावरच्या रेसिडेन्सीपर्यंत पोचू शकणाऱ्यांची.

या हिशेबात सर्वांत वाईट वाटणी रामोशांच्या पदरी आली. माग काढायचा त्यांनी, रात्र जागायची त्यांनी, चोरी उघडकीला आली नाही की भरपाईचा तगादा आणि संशय, दोन्ही त्यांच्यावरच. कोतवालाची भरपाई नऊ हजारांतून जाई, जागल्याची त्याच्या वतनातून. पुढे ज्यांची राखणीची वतने आणि हक्क गेले, त्यांतलेच काही पुरंदरच्या डोंगरात उमाजी नाईकाभोवती जमले. उमाजीला 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फाशी दिले. तरीही लष्करातल्या बंगल्यांवर रामोशी पहारेकरी ठेवायची चाल चालूच राहिली. साहेब त्याला महिन्याचा पगार देत, कारण तो ठेवला नाही तर चोरी होते असे सगळ्यांनी गृहीत धरले होते.