बुद्धिमापन, अवधान आणि शाळेची निवड

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा या गावच्या एखाद्या तल्लख मुलास सरकारी खर्चाच्या निवासी शाळेत जावयाचे असल्यास पाचवीत असताना जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. जिल्ह्याचे हे विद्यालय वसमत येथे आहे. परीक्षा २ तासांची, प्रश्न ८०, आणि सहावीच्या प्रवेशासाठी संधी एकदाच. मूल तल्लख असून अतिचंचल असेल, आजच्या वैद्यकाच्या परिभाषेत त्यास एडीएचडी असेल, तर या २ तासांत नेमके काय मोजले जाते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्यासारखा आहे.

बुद्धिमापनाचा उगम मुळी शाळेच्या निवडीतच आहे. सामान्य वर्गात मागे पडणाऱ्या मुलांपैकी कोणास वेगळ्या वर्गात घालावे, हे ठरविण्यासाठी फ्रेंच सरकारने १९०४ मध्ये आयोग नेमला. केवळ शिक्षकाच्या मतावर विसंबल्यास वर्गास नकोसे झालेले मूल मंदबुद्धी ठरण्याचा धोका आल्फ्रेड बीने यांनी ओळखला होता. सिमाँ यांच्यासह त्यांनी १९०५ मध्ये रचलेली श्रेणी हा अशा मुलाचा एक प्रकारे बचावच होता. तत्पूर्वी १९०२ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत डॉ. जॉर्ज स्टिल यांनी, बुद्धीत उणीव नसताही संयम व अवधान न राखू शकणारी मुले वर्णिली होती. बुद्धी आणि अवधान ही भिन्न आहेत, हे ज्ञान अशा रीतीने शतकाहून जुने आहे.

मराठी व कानडी मुलांसाठी ही श्रेणी व्ही. व्ही. कामत यांनी सिद्ध केली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. ही कसोटी एकेका मुलास समोर बसवून घ्यावयाची असते. मूल खिडकीबाहेर पाहू लागले की परीक्षक थांबतो, त्यास प्रश्नाकडे वळवितो, आणि ते वळविणेही त्याच्या निरीक्षणात येते. उत्तर न येणे आणि उत्तरापर्यंत न टिकणे यांतील भेद येथे निदान दिसू शकतो.

सामूहिक कसोटीत तो दिसत नाही. १९१७ नंतर अमेरिकन सैन्यभरतीमुळे रूढ झालेली ही पद्धत स्वस्त व निःपक्षपाती खरी. १९८५-८६ मध्ये नवोदय योजना सुरू झाली; पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक अमरावतीचे होते. लक्षावधी उमेदवारांतून निवड करावयाची म्हटल्यावर दुसरा मार्ग सुचणे कठीणच होते. परंतु घड्याळ लावून घेतलेल्या परीक्षेत स्थैर्याचे गुण बुद्धीच्या खाती जमा होतात.

दिव्यांग उमेदवारास अलीकडे ४० मिनिटे अधिक मिळतात. तथापि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीतील २१ प्रकारांत अध्ययन-अक्षमता आहे, एडीएचडीचे नाव नाही. ज्याची अडचण एवढीच, त्या मुलास कागद २ तासांतच परत द्यावा लागतो. तेथे ते मागे पडले, तर गावच्या वर्गात ते हुशार ठरावे की उनाड, हे पुन्हा शिक्षकाच्या मतावरच राहते. आणि बीने यांना नेमकी त्याचीच धास्ती होती.