एका घोड्याचें आजारपण

माणसांच्या मृत्यूच्या वार्ता आपण रोज सकाळीं चहाबरोबर वाचतों आणि पान उलटतों. भूकंपांत अमुक हजार गेले, युद्धांत तमुक हजार पडले, हे आंकडे मनावरून ओघळून जातात. मग एखादे दिवशीं एका मुक्या जनावराचा पाय मोडतो, आणि ज्यांनीं तें जनावर कधीं प्रत्यक्ष पाहिलेंहि नाहीं असे हजारों लोक त्याच्या प्रकृतीची चौकशी करूं लागतात. या विसंगतीला कोणी ढोंग म्हणेल, कोणी हळवेपणा म्हणेल. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र असा प्रसंग टाकून देतां येत नाहीं. कारण लोकांच्या करुणेला पुढें कोणतें वळण लागलें हें पाहिल्यावांचून तिची किंमत ठरवितां येत नाहीं. सन २००६ मध्यें बार्बारो नांवाच्या शर्यतीच्या घोड्याच्या आजारपणानें अमेरिकेंत असा एक प्रसंग उभा केला. त्याची हकीकत येथें सांगावयाची आहे.

बार्बारो त्या वेळीं तीन वर्षांचा होता. त्याचे मालक रॉय व ग्रेचेन जॅक्सन हें पेन्सिल्व्हेनियांतील दांपत्य, त्याला तयार करणारा मायकेल मॅट्झ आणि त्याचा स्वार एडगर प्राडो. मॅट्झचें नांव लोकांना आणखी एका कारणानें ठाऊक होतें. १९८९ सालीं आयोवा संस्थानांतील सू सिटी येथें एक विमान कोसळलें, तेव्हां त्यांतून मॅट्झनें तीन लहान भावंडांना बाहेर काढलें होतें. तीं भावंडें आतां मोठीं होऊन २००६ च्या केंटकी डर्बीला त्याचीं पाहुणीं म्हणून आलीं होतीं. ६ मे रोजीं झालेली ती डर्बी बार्बारोनें साडेसहा घोड्यांच्या लांबीइतकें अंतर राखून जिंकली. १९४६ नंतर इतक्या मोठ्या अंतरानें ती कोणीं जिंकली नव्हती. तोंपर्यंत तो सहा शर्यती धांवला होता व साहीही जिंकला होता. अमेरिकेंत तीन ठराविक शर्यती एकाच वर्षीं जिंकणाऱ्या घोड्यास त्रिमुकुटाचा मान मिळतो. तो १९७८ नंतर कोणासही लाभला नव्हता. अठ्ठावीस वर्षांची ती प्रतीक्षा हा घोडा संपवील, अशी लोकांची समजूत झाली होती.

त्रिमुकुटांतील दुसरी शर्यत २० मे रोजीं बाल्टिमोर येथील पिम्लिको मैदानावर होती. लाखाहून अधिक माणसें जमलीं होतीं. दारें उघडण्यापूर्वींच बार्बारो एकदां उसळून बाहेर पडला. त्याला परत आणून उभें केलें. खरी शर्यत सुरू झाली आणि थोडेंच अंतर जातो न जातो तोंच प्राडोनें लगाम खेंचला. प्रेक्षकांच्या समोरच घोडा थांबला होता, आणि त्याचा उजवा मागील पाय लोंबकळत होता. बाकीचे घोडे पुढें गेले, कोणी तरी शर्यत जिंकली. परंतु त्या गर्दीचें लक्ष आतां तिकडे नव्हतें.

घोड्याचा पाय मोडला म्हणजे त्याला गोळी घालावी, हा जुना प्रघात आहे. त्याच्या मुळाशीं निर्दयपणा नाहीं, शरीररचना आहे. मुंबईस महालक्ष्मीला किंवा पुण्यास ज्यांनीं शर्यती पाहिल्या असतील त्यांनीं हीच जात पाहिली आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्वेकडून इंग्लंडांत नेलेल्या तीन घोड्यांपासून तिचा नरवंश चालत आला. पांचशें किलोंच्या आसपासचें धूड आणि खालीं काठीसारखे बारीक पाय, अशी ही मूर्ति वेगासाठीं माणसानें पिढ्यान्‌पिढ्या निवडीनें घडविली. गुडघ्याखालीं मांस जवळजवळ नाहीं, रक्ताचा पुरवठा बेताचा. म्हणून तेथील जखम लवकर भरत नाहीं. माणसासारखें महिनोन्‌महिने पडून राहणें घोड्याला जमत नाहीं; फार काळ आडवा राहिला तर त्याचें फुफ्फुस व आंतडें बिघडतें. तो उभाच असला पाहिजे, आणि उभा राहावयाचें तर दुखऱ्या पायाचा भार दुसऱ्या पायावर पडतो. मग त्या धडधाकट पायाच्या खुराच्या आंत, हाडाला कवचाशीं जोडणारे जे नाजुक पदर असतात ते सुजतात व सुटूं लागतात. या रोगास लॅमिनायटिस म्हणतात, आणि त्याच्या वेदना असह्य असतात. तात्पर्य, मोडलेला पाय बरा झाला तरी दुसरा पाय घोड्याला मारूं शकतो.

शिवाय शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येण्याचीच मोठी भीति. १९७५ च्या जुलैंत न्यूयॉर्कजवळ बेलमाँट पार्कवर रफियन नांवाच्या अजिंक्य घोडीचा पाय धांवतां धांवतां मोडला. डॉक्टरांनीं रात्रीं शस्त्रक्रिया केली. पण गुंगी उतरतांना ती अर्धवट शुद्धींत पाय झाडूं लागली, जणूं शर्यत अजून चाललीच होती, आणि जें सांधलें तें सारें तिनें मोडून टाकलें. दुसऱ्या दिवशीं तिला मरण द्यावें लागलें. बार्बारोला रुग्णालयांत नेलें तेव्हां अमेरिकेंतील जुन्या शर्यतशौकिनांच्या डोळ्यांपुढें रफियनच उभी राहिली असल्यास नवल नाहीं.

तें रुग्णालय म्हणजे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचें केनेट स्क्वेअर येथील न्यू बोल्टन सेंटर. २१ मे रोजीं डॉ. डीन रिचर्डसन यांनीं पांच तासांहून अधिक काळ शस्त्रक्रिया केली. खुरावरच्या सांध्याखालील हाडाचे वीसाहून अधिक तुकडे झाले होते. धातूची एक पट्टी व सत्तावीस स्क्रू बसवून तो पाय सांधण्यांत आला. मग घोड्याला एका तराफ्यांत अडकवून पाण्याच्या हौदांत सोडलें, म्हणजे शुद्धीवर येतांना त्यानें पाय झाडले तरी ते पाण्यांत झाडले जावे. तराफ्याची ही योजना पाहिली म्हणजे रफियनच्या मरणापासून पशुवैद्यकानें किती मजल मारली होती तें कळतें. इतकें करूनहि, जगण्या-मरण्याचीं पारडीं सारखींच आहेत, असेंच डॉ. रिचर्डसन यांनीं स्पष्ट सांगितलें.

आणि येथून त्या लोककरुणेचा पूर आला. रुग्णालयाच्या दाराशीं फुलें, सफरचंदें आणि गाजरें यांच्या टोपल्या येऊं लागल्या. कुंपणावर शुभेच्छांचे फलक लागले. शाळांतील मुलांनीं पत्रें पाठविलीं. घोड्याच्या प्रकृतीचें निवेदन एखाद्या राजपुरुषाच्या प्रकृतीप्रमाणें वेळोवेळीं प्रसिद्ध होत असे आणि लोक तें वाट पाहून वाचीत. जुलैमध्यें ज्याची भीति होती तेंच झालें: डाव्या मागील पायास लॅमिनायटिस जडला व त्या खुराचें सुमारें ऐंशीं टक्के कवच कापून काढावें लागलें. तरीहि तो सांवरला. ऑगस्टांत त्याला बाहेर हिरवळीवर चरावयास नेऊं लागले. नोव्हेंबरांत उजव्या पायाचें प्लास्टर निघालें. लोकांना वाटलें, जिंकलें.

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें ऐकून घेतला पाहिजे. डर्बी जिंकलेल्या घोड्याची पैदाशीसाठीं किंमत अपार असते. आणि या जातीच्या नोंदणीचा नियम असा कीं, कृत्रिम रेतनानें झालेलें शिंगरूं नोंदलेंच जात नाहीं. म्हणजे घोडा जगला आणि मागल्या दोन पायांवर उभा राहूं शकला तरच त्याची किंमत. तेव्हां हें सारें पैशासाठीं नव्हतें कशावरून? दुसरें असें कीं, लोकांना त्यानें जगावें असें वाटत होतें, पण त्या घोड्याला काय वाटत होतें? आपल्या समाधानासाठीं आपण एका जीवाच्या यातना लांबवीत तर नव्हतों?

पहिल्या आक्षेपाचें उत्तर मालकांच्या मनांत शिरल्याशिवाय देतां येणार नाहीं, आणि तो अधिकार कोणालाच नाहीं. दुसऱ्याचें उत्तर मात्र घटनांनींच दिलें. जानेवारी २००७ मध्यें डाव्या खुराचा आणखी भाग काढावा लागला. उजव्या पायांत गळूं झालें. त्या पायावरचा भार हलका करण्यासाठीं पुन्हां शस्त्रक्रिया झाली. आणि शेवटीं पुढच्या दोन्ही पायांतही लॅमिनायटिसनें प्रवेश केला. आतां भार टाकावयास एकही चांगला पाय उरला नव्हता. २९ जानेवारी रोजीं मालक आणि डॉक्टर यांनीं त्याला वेदनामुक्त मरण देण्याचा निर्णय घेतला. आठ महिने ज्यांनीं त्याला जगविण्यासाठीं शर्थ केली त्यांनींच, लोकांची इच्छा जगविण्याची असतांना, हात आवरला. मला या सर्व कथेंत शस्त्रक्रियेपेक्षां ही सकाळ अधिक मोलाची वाटते. जगविण्याचा हट्ट आणि करुणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची फारकत करण्याचा क्षण कोणता हें ओळखणें फार कठीण असतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. या करुणेचें पुढें काय झालें?

माणसाच्या भूतदयेचा आधुनिक इतिहास पाहिला तर त्यांत घोडा वारंवार अग्रभागीं दिसतो. लंडनचें पशुवैद्यक विद्यालय १७९१ मध्यें निघालें. त्याच्या पहिल्या प्राध्यापकाची ख्याति एक्लिप्स या शर्यतीच्या घोड्याच्या शवविच्छेदनानें झाली होती. १८२२ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें गुरें व घोडे यांना क्रूरपणें वागविण्याविरुद्ध कायदा केला. न्यूयॉर्कमध्यें हेन्री बर्ग यानें १८६६ सालीं प्राणिरक्षक संस्था काढली ती रस्त्यावर गाड्या ओढतांना कोसळणाऱ्या घोड्यांचे हाल पाहून. मात्र या साऱ्यांत एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बर्गच्या घोड्यांना नांवें नव्हतीं. बार्बारोला नांव होतें, कीर्ति होती, आणि म्हणूनच त्याची कसोटी अधिक कडक.

नांवाचाही भरंवसा नसतो, हें फर्डिनंडच्या कथेवरून दिसतें. त्यानें १९८६ ची केंटकी डर्बी जिंकली होती. पुढें तो पैदाशीसाठीं जपानांत विकला गेला, आणि २००२ सालीं कत्तलखान्यांत संपला अशी वार्ता पुढल्या वर्षीं प्रसिद्ध झाली. तोच मुकुट, तीच कीर्ति. पण त्याच्या दाराशीं कोणी गाजरें ठेविलीं नाहींत. बार्बारोच्या आजारपणांत जे लोक एकत्र आले त्यांतील पुष्कळांनीं या निनावी घोड्यांकडे मोहरा वळविला, ही त्यांच्या श्रेयाची गोष्ट. त्यांनीं वर्गणी काढून कत्तलखान्याच्या वाटेवरचे शेंकडों घोडे सोडविले. बार्बारोच्या नांवें लॅमिनायटिसच्या संशोधनासाठीं निधि उभा राहिला. अमेरिकेंत उरलेले घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्यें बंद झाले, जरी घोडे सरहद्दीपलीकडे नेण्याचा व्यापार त्यामुळें थांबला नाहीं.

कायदा मात्र वरातीमागून आला. मे २००८ मध्यें केंटकी डर्बींत दुसरी आलेली एट बेल्स ही घोडी शर्यत संपतांच पुढचे दोन्ही पाय मोडून कोसळली व तेथेंच तिला मारावें लागलें. २०१९ मध्यें कॅलिफोर्नियांतील सांता अनिता मैदानावर एकामागून एक घोडे मेले आणि पुन्हां ओरड झाली. अखेर डिसेंबर २०२० मध्यें सर्व देशासाठीं शर्यतींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला व २०२२ पासून तो अमलांत येऊं लागला; तोंवर प्रत्येक संस्थानाचे नियम निराळे असत. शर्यतींत घोडा उतरण्याच्या दर १,००० प्रसंगांमागें २००९ सालीं २ घोडे दगावत. २०२३ सालीं हें प्रमाण १.३२ वर आलें. हा फरक एका बार्बारोनें घडविला असें कोणी म्हणूं नये. माती, औषधें, तपासणी यांची त्यांत मोठी वांटणी आहे. परंतु ज्या लोकांनीं प्रश्न विचारावयाचे ते त्या आठ महिन्यांत विचारावयास शिकले, एवढें म्हणावयास हरकत नाहीं.

म्हणून एका घोड्यासाठीं रडणाऱ्यांना हंसूं नये. मनुष्याचें मन आंकड्यांसाठीं द्रवत नाहीं. तें एका जीवाच्या दारानेंच आंत येतें. दोष एकासाठीं रडण्यांत नाहीं. त्या एकावरच थांबण्यांत आहे.

बार्बारोची रक्षा लुइव्हिल येथील चर्चिल डाउन्स मैदानाशीं पुरली आहे, आणि तिच्यावर २००९ सालीं त्याचा कांस्यपुतळा उभारण्यांत आला. पुतळ्यांतील घोडा भरधांव आहे, चारही पाय जमिनीपासून सुटलेले. पुतळा फाटकाच्या बाहेर आहे. तिकीट न काढतां कोणासही तो पाहतां यावा, ही मालकांची इच्छा. फाटकाच्या आंत शर्यती चालूच आहेत.